दादाला सांगितलेलं घर

रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये ताईंनी बावीस वर्षं काम केलं. कुणाचे पाच रुपये कधी ठेवले नाहीत. त्यामुळे दोन खोल्यांच्या घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँकेतल्या बाई जे बोलल्या, ते त्यांना खरंच वाटेना.

"तुमचा क्रेडिट स्कोअर फार खाली आहे. भावाच्या कर्जाला जामीन राहिलात ना? त्याचे हप्ते थकलेत. ते फेडलं की स्कोअर वर येईल."

"लवकर नाही होणार?"

"त्यातल्या त्यात लवकरचा मार्ग हाच."

ताई तडक दादाकडे गेल्या. त्याचा छापखाना बंद पडला होता आणि तो अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला होता.

"सांगायला तोंडच नव्हतं गं," म्हणत तो रडायला लागला. भांडायला गेलेल्या ताई त्याला जेवण भरवून परतल्या.

घरासाठी साठवलेले पैसे त्यांनी त्या कर्जात भरले. वर्षभरात स्कोअर हवा तेवढा झाला. पण बिल्डरला आधी द्यायची रक्कम आता हातात उरली नव्हती.

"झालं का गं तुझं घर?" दादाने एकदा विचारलं.

"झालं की."

"खिडकी कुठल्या बाजूला?"

"पूर्वेला. सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं."

मग दर रविवारी तो घराबद्दल काहीबाही विचारायचा आणि ताई सांगायच्या. दादा गेला तोवर त्या घरात कपाटं लागली होती, पडदे आले होते, शेजारी एक भांडखोर बाईही राहायला आली होती. ताई मात्र अजून भाड्याच्याच खोलीत राहतात.