एका फाटकापुढे न मारलेली हाक

टँटी इस्मीनला राग आला की ती ओरडत नाही, काम काढते. तिची आई गेली त्या वर्षी तिने टेकडीवर नवं घर बांधायला घेतलं आणि घराखाली सिमेंटची एवढी मोठी टाकी काढली, की गवंड्याने विचारलं, यात जहाज ठेवणार का? मी तिची धाकटी चुलत बहीण, कुंपणापलीकडे राहते; पण सगळ्या वाडीसारखी मीही तिला टँटी, म्हणजे मावशीच म्हणते. टाकी कशासाठी ते मला ठाऊक होतं. खालच्या घरातला कॅलिस्ट एनो एक दिवस तहानलेला तिच्या दारात यावा आणि तिने त्याला नाही म्हणावं, एवढ्यासाठी.

गोष्ट अठरा वर्षांपूर्वीच्या वादळाची. भर दुपारी टँटीचं लाकडी घर उडालं. ती आईला पाठुंगळी घेऊन खाली कॅलिस्टकडे धावली, कारण तेव्हा सबंध वाडीत सिमेंटच्या छताचं घर त्याचं एकट्याचं. त्याने दार बोटभर उघडलं. "घर भरलंय," म्हणाला आणि कडी लावली. दोघी त्याच्या पायरीखाली संध्याकाळपर्यंत भिजत बसल्या. आईच्या छातीत कफ भरला, सातव्या दिवशी ती गेली. घर कशाने भरलं होतं ते वादळ ओसरल्यावर कळलं. आतल्या खोलीतून त्याची चौदा मेंढरं बाहेर आली, कोरडी ठणठणीत.

तेव्हापासून टँटीने डूख धरला. आईच्या थडग्यावर दगड बसवायचं जेवण आमच्याकडे मोठं असतं. त्यासाठी तिने वाडीतलं कुत्रंसुद्धा उपाशी ठेवलं नाही. बोलावलं नाही ते कॅलिस्टला.

आणि गंमत बघा, दर वादळाला अख्खी वाडी उभी करते ती हीच बाई. रेडिओने बातमी दिली की ती हातात कोयता घेऊन निघते. कुणाच्या छपराचे पत्रे दोरांनी आवळायचे, कुणाचे नारळ आधी उतरवायचे, होड्या खाडीतल्या खारफुटीत कोणी कुठे बांधायच्या, शेळ्यांचे दोर कधी सोडायचे, सगळं तिच्या जिभेवर. पण तिचं खरं काम शेवटच्या तासाचं.

आमच्या कॅरियाकू बेटावर नदी नाही. छपरावर पडेल ते पाइपाने टाकीत जाईल, तेवढंच आमचं पाणी. वादळांचे दिवस सुरू होतात ते उन्हाळ्याच्या शेवटी, टाक्यांचा तळ दिसत असताना. वादळाआधीच्या सरी गोड असतात, म्हणून प्रत्येकाला वाटतं, अजून थोडं येऊ दे, पाइप मग काढू. त्या हावेत वारा फिरतो, समुद्र उडून छपरांवर येतो आणि सगळी टाकी खारट होते. टाकी बाटली की पुढचे तीन महिने तोंडचं पाणी पळालंच म्हणून समजा. म्हणून टँटी आपल्या पन्हळीचं पाणी तळहातावर घेऊन चाखत बसते. जिभेला खार लागला की उठते आणि फाटकाफाटकापुढे नाव घेऊन हाक मारते, पाइप काढा. ती हाक येईपर्यंत पाइपाला कोणी हात लावत नाही.

यंदा जुलैतच वादळ आलं. दुपारी तिने पाणी चाखलं, थुंकलं आणि पदरासारखा टॉवेल डोक्याला गुंडाळून निघाली. सोबत मी. वरच्या घरी हाक मारली, त्याखालच्या घरी मारली. मग कॅलिस्टचं फाटक आलं. त्याचा पाइप भिंतीला तसाच दिसत होता, त्यातून पाणी धो धो आत चाललं होतं. इतकी वर्षं त्याच्यासाठी मी हाक मारायची, नाव न घेता, नुसतं "पाइप" म्हणून. त्या दिवशी टँटी फाटकापुढे थांबली आणि तिने माझं मनगट धरलं.

"आज तू तोंड उघडायचं नाहीस," ती म्हणाली.

आम्ही पुढच्या घरी गेलो आणि तिथे टँटीने नेहमीसारखी खणखणीत हाक मारली.

वादळाने अर्धी वाडी भुईसपाट केली, टाक्याही फुटल्या, आणि पाण्याची रांग टँटीच्या टाकीपुढे लागली. माणूस मात्र एकही गेलं नाही. कॅलिस्टच्या सिमेंटच्या छताला धक्का लागला नाही, पण टाकीतलं पाणी मिठाचं झालं. चौथ्या दिवशी तो काठी टेकत टेकडी चढला. वय अठ्ठ्याहत्तर, हातात पिवळा डबा. रांगेतल्या सगळ्यांना पाणी मिळालं. त्याची पाळी आली तशी टँटीने टाकीचं झाकण लावलं.

"घर भरलंय," ती म्हणाली.

तो रिकामा डबा घेऊन उतरला. खोटं कशाला सांगू, माझ्या जिवाला गार वाटलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, पुन्हा तेच. रांगेतले लोक खाली बघत राहिले. टँटीच्या पाण्यावर जगणारा टँटीला काय बोलणार? त्या संध्याकाळी टँटीने मक्याच्या पिठाचं घट्ट कू-कू आणि मासे पोटभर खाल्ले आणि कितीतरी वर्षांनी गुणगुणली.

तिसऱ्या दिवशी त्याचे ओठ फुटले होते. टँटीला अजून हवं होतं. सगळ्यांच्या देखत तिने विचारलं, "काय कॅलिस्ट, एवढा म्हातारा झालास, आणि पाइप काढायचा विसरलास?"

"विसरलो नाही गं," तो म्हणाला. "तू वरच्या घरी हाक मारलीस, तेव्हाच मी पाइप काढून हातात धरला होता. म्हटलं, यंदा नाव घेऊन बोलावेल. तू माझ्या फाटकाकडे निघालीस तशी मी घाईने परत लावला. म्हटलं, तिने सांगावं आणि मग मी काढावा. तू बोलली नाहीस."

"मग काढायचा होतास की नंतर."

"कशाला? तुला काय हवंय ते कळलं मला. म्हटलं, होऊ दे हिच्या मनासारखं."

टँटीचं तोंड राखेसारखं झालं. तिने त्याच्या हातातला डबा हिसकावला, टाकीत बुडवला, काठोकाठ भरला आणि त्याच्या पायाशी असा आपटला, की निम्मं पाणी सांडलं.

"अठरा वर्षं, कॅलिस्ट," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "अठरा वर्षं जपलं होतं मी हे 'नाही'. तेसुद्धा तूच घेतलंस."

तो काहीतरी म्हणायला गेला. तिने बोट रोखलं.

"पाणी ने. रोज ने. माफीचा शब्द काढलास तर ही टाकी फोडीन."

आता तो रोज येतो, पाणी नेतो, एक अक्षर बोलत नाही. टँटी डबा भरते आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहते. संध्याकाळी तिचं कू-कू ताटात तसंच राहतं.