पाच धुण्यांची नळी

पत्रकं लिहून लिहून माझा हात तयार झाला होता. कॉलेजात फीवाढीविरुद्ध लिहिली, बसच्या पासासाठी लिहिली. समोरच्याला दोषी ठरवायला चार ओळी पुरतात, एवढं त्यातून शिकले. डिप्लोमा झाल्यावर, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात तपासणीच्या कामाला लागले. वाटलं, चला, हे तरी स्वच्छ काम आहे.

आम्ही अँजिओग्राफीच्या नळ्या बनवायचो. नळी मांडीतून घालून हृदयापर्यंत नेतात, तिच्यातून औषध सोडतात, मग एक्स-रेवर रक्तवाहिन्या दिसतात. एका माणसाला एक नळी, मग कचऱ्यात. पाकिटावर ठळक छापलेलं असायचं: एकदाच वापरा. मी नळी यंत्राच्या पकडीत अडकवून तुटेपर्यंत ताणायची आणि आकडा लिहायची.

एकदा साहेबांनी वेगळंच काम दिलं. नळी जंतुनाशकात बुडवायची, धुवायची, वाळवायची, मग न तोडता बेताने ताणून बघायची. परत तीच नळी, परत तेच. सहाव्या धुण्यानंतर टोकाचा जोड सुटला. मी अहवालात लिहिलं, पाच वेळा टिकते. कशासाठी, ते विचारलं नाही. साहेबांनी शाबासकी दिली, ती मात्र घेतली.

पुढे कळवणच्या मावशीला छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली. द्वारका चौकातून रिक्षा करून तिला एका खासगी हॉस्पिटलात नेलं. तिला बाकावर बसवून मी पाणी शोधत मागच्या गॅलरीत गेले, तर तिथे दोरीवर, चादरींच्या शेजारी, चिमटे लावून नळ्या वाळत घातलेल्या. मागच्या टोकाला आमच्या कारखान्याचा निळा रंग.

हातातली बाटली तशीच राहिली. टेक्निशियन नळ्या काढायला आला, त्याला धरलंच. मी त्याच कारखान्यात आहे, या एकदाच वापरायच्या आहेत, माणसं मारायचीत का, गावभर पत्रकं वाटीन, सगळं सुनावलं. तो एकेक चिमटा काढत ऐकत होता.

“मॅडम, तुमच्याच कंपनीचा माणूस कागद देऊन गेलाय. पाच वेळा चालते म्हणून.”

कागद त्याने दाखवला. माझंच वाक्य, नीट टाइप केलेलं.

मावशीसाठी नवं पाकीट माझ्यासमोर फोडा, नाहीतर तिला घेऊन जाते, एवढंच म्हणाले. तो म्हणाला, बरं, तुम्ही घरच्याच. फोडलं त्याने. मावशी आत जाता जाता मलाच बोलली, “एवढ्याशा नळीपायी भांडती का गं? लय लाज आणली तू.”

पुढचा नंबर मावशीशेजारी बाकावर बसलेल्या एका आजोबांचा होता. गॅलरीतलं सगळं त्यांना ऐकू आलं होतं.

“ताई, मलाबी नवी फोडाया सांगा ना.”

टेक्निशियन म्हणाला, नवी एकच शिल्लक होती. मी आजोबांना सांगितलं, आज करू नका, घरी जा. ते लगेच उठले आणि बाकाखाली चपला शोधायला लागले. त्यांचा मुलगा माझ्या अंगावर आला.

“वाटेत काही झालं तर तुम्ही येणार का?”

मुलाने आजोबांना परत बसवलं. ते माझ्याकडेच बघत होते, मी अजून काहीतरी बोलेन म्हणून. थोड्या वेळाने त्यांचं नाव पुकारलं आणि ते आत गेले.