पडद्यावरचा रस्ता

बाजारपेठेत एका जिन्याखाली फोटो स्टुडिओ होता, तो हनुवटीकाकांचा. खरं नाव लायसन्सवर असेल. लोकांच्या तोंडी मात्र हेच. समोर शाळकरी पोर बसो, पेन्शनर बसो की नवी नवरी, काकांचं वाक्य ठरलेलं. ‘हनुवटी थोडी खाली. अजून थोडी. हां, आता हसा.’ अख्ख्या गावाच्या हनुवट्या या एका माणसाने खाली आणल्या, असं लोक चेष्टेने म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

स्टुडिओत भिंतभर एक पडदा होता. डोंगरातून वळत जाणारा रस्ता, डावीकडे निळंशार तळं, मागे दोन सुळके, एक उंच आणि एक बुटका. जहाजावर नोकरी करणाऱ्या एका गिऱ्हाइकाने परदेशातून आणलेला रोल धुवायला दिला होता, त्यातला हा एक फोटो. काकांनी त्याच्याकडून त्या घाटाचं नाव लिहून घेतलं, त्याला विचारून ती निगेटिव्ह कापडावर मोठी पाडली आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून त्यावर रंग भरून घेतले. त्या पडद्यासमोर माणसं बसवायचं काम काकूंचं. कुणाची कॉलर सरळ कर, कुणाची बट कानामागे सार, रडक्या पोराला खुळखुळा दाखव. ‘एकदा खऱ्या रस्त्यावर न्या मला,’ असं त्या दरवर्षी म्हणायच्या आणि काका दरवर्षी ‘हो’ म्हणायचे. हो म्हणायला काय जातंय?

मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओचं शटर कायमचं खाली आलं. पडद्याला ओल लागून रंगाचे पापुद्रे निघाले होते, तो टाकून दिला. तेव्हा कुठे काकांनी परदेशाची दोन तिकिटं काढली. पण देवाच्या घरचा न्याय असा, की जायची वेळ येईतो काकूंचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग वार, मग गॅस. आणि एका सकाळी काकांपुढे चहाचा कप ठेवत त्यांनी अदबीने विचारलं, ‘आपण कुणाकडे आलात?’

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुने फोटो दाखवत जा, चेहरे टिकतील. लेक माहेरी येऊन राहिली होती, तिने अल्बम काढले. काकूंनी भाऊ ओळखला, नणंद ओळखली, शेजारची मांजरसुद्धा ओळखली. काकांचा मात्र एकही फोटो सापडेना. सापडणार कसा? हा माणूस जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे. लग्नाचा रोल एका मित्राने काढला होता आणि उत्साहाच्या भरात त्याने कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. उजेड शिरून सगळा रोल वाया. ‘आपलाच स्टुडिओ आहे, कधीही काढू,’ असं म्हणता म्हणता केस पिकले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. शेवटी लायसन्सवरचा फोटो दाखवला, तर काकू म्हणाल्या, ‘हा मेला चोर दिसतो.’ लेक हसली. काकाही हसले, आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

त्याच रात्री त्यांच्या मनाने घेतलं. काकूंना पडदा पक्का आठवत होता; सुळके कुठे, तळं कुठे, सगळं त्या बोट फिरवून दाखवत. त्या पडद्यापुढे आपण उभे असलो, तर? पडदा तर सडून गेला. खरा रस्ता आहे ना! काकूंना एवढ्या प्रवासाला नेणं शक्य नव्हतं. लेक म्हणाली, ‘बाबा, तुम्ही एकटे जाऊन या. मी आहे आईजवळ.’

आणि हनुवटीकाका या वयात, कुणाची भाषा येत नसताना, परदेशात भाड्याच्या गाडीत जाऊन बसले. तिथे स्टिअरिंग डावीकडे. लग्नाच्या ऑर्डरींना व्हॅन हाकलेला हा माणूस, पण वळताना इंडिकेटर द्यायला जावं तर वायपर सुरू व्हायचे. ऊन लख्ख पडलंय आणि काका काच पुसत चाललेत! कॅमेऱ्याची बॅग शेजारच्या सीटवर ठेवली, तर गाडी टीं टीं करून ओरडायला लागली. शेजारी माणूस बसलंय आणि त्याने पट्टा लावला नाही, अशी तिची समजूत. शेवटी काकांनी बॅगेलाच पट्टा लावला. ‘बस आता गप,’ ते म्हणाले, आणि आपण हे कुणाला म्हणालो ते कळून त्यांनी तो पट्टा पुन्हा एकदा सारखा केला.

रस्ता मात्र डोळ्यांचं पारणं फेडणारा होता. एका बाजूला सरळ तुटलेला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, खाली नदीचा पांढरा दोरा. बोगद्यातून बाहेर पडावं तर समोर बर्फाचा डोंगर अंगावर आल्यासारखा. ‘अगं, बघ, बघ!’ असं काकांच्या तोंडून निघून जायचं आणि नजर बॅगेकडे वळायची. सुंदर गोष्ट एकट्याने बघण्यासारखी शिक्षा नाही. वाईट बातमी माणूस एकटा पचवतो, पण असा डोंगर कुणाला तरी कोपर मारूनच बघायचा असतो.

जिथे जिथे गाडी थांबवायची सोय होती, तिथे तिथे लोक काकांच्याच हातात मोबाइल द्यायचे. फोटोवाला हे काय कपाळावर लिहिलेलं असतं? पण द्यायचे खरे. मग काकाही रंगात यायचे. नवऱ्याला हाताने खूण करून बायकोजवळ सरकवायचे, आजोबांची टोपी मागे करायला लावायचे, स्वतःची हनुवटी खाली करून दाखवायचे. माणसं हसली की फोटो. लोक खूश होऊन हात हलवत निघून जायचे. ‘या, तुमचाही काढतो,’ असं कुणी म्हणालं नाही, आणि काकांनाही मागवेना. जन्मभर दुसऱ्याला ‘हसा’ म्हणणाऱ्याची स्वतःसाठी जीभ उचलत नव्हती.

पण ते वळण काही सापडेना. काका डावीकडे तळं शोधत होते. तळी पुष्कळ लागली. पण तळं असेल तिथे सुळके नसायचे आणि सुळके दिसले तर मधे नुसती खडी. एका ठिकाणी असे दोन सुळके बराच वेळ समोर दिसत राहिले, पण तिथलं तळं रस्त्याच्या उजवीकडे होतं, म्हणून काका न थांबता पुढे गेले. घाट संपला, पलीकडचं सपाट माळरान लागलं तरी पडद्यावरचा रस्ता आला नाही. तिथल्या एका टपरीबाहेर बाकावर बसून त्यांनी लेकीला फोन लावला.

‘आई कशी आहे गं?’

‘बरी आहे. जेवली. बाबा, मिळाली का जागा?’

‘नाही. पेंटरने मनचंच रंगवलं असणार बघ. मी उगाच खुळ्यासारखा आलो एवढ्या लांब.’

‘तुम्ही नीट जेवताय ना?’

‘जेवतोय,’ काका म्हणाले. सकाळपासून त्यांच्या पोटात एका बिस्किटाच्या पुड्याशिवाय काही गेलं नव्हतं.

गाडी परत करायची होती, म्हणून त्यांनी आल्या वाटेने तोंड फिरवलं. आता काही शोधायचं नव्हतं. एका चढावर मागून ट्रक येतोय का बघायला त्यांनी आरशात पाहिलं, आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. आरशात पडदा होता. हुबेहूब! डावीकडे तळं, वळण घेणारा रस्ता, उंच सुळका, बुटका सुळका. मान वळवून मागे पाहिलं, तर तळं उजवीकडे.

काकांनी गाडी कडेला घेतली आणि कपाळावर हात मारला. निगेटिव्ह उलटी लागली होती! कापडावर पाडताना तिची बाजू बघायची राहिली, पेंटरने मुकाट्याने रंग भरले, आणि इतकी वर्षं अख्खं गाव उलट्या डोंगरापुढे बसून फोटो काढून गेलं. शिकाऊ पोरानेही केली नसती अशी चूक. काका एकटेच खो खो हसले. मग हे सांगितल्यावर जिला सर्वांत जास्त हसू आलं असतं तिची आठवण झाली, आणि ते हसणं मधेच थांबलं.

तेवढ्यात सायकलवरून एक म्हातारी बाई चढ चढत आली. काकांनी धीर करून कॅमेरा पुढे केला. तिने सायकल आडवी टाकली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि बोटाने खूण केली, हनुवटी वर! हनुवटीकाकांना हनुवटी वर करायला सांगणारी ही पहिलीच. त्यांनी केली. हसायचं मात्र त्यांना जमलं नाही. क्षितिज तिरपं आलं, पाय कापले गेले, पण फोटो निघाला. बाई हात हलवून चढापलीकडे दिसेनाशी झाली, आणि काका त्या वळणावर बराच वेळ उभे राहिले. जन्मभराचा वायदा त्यांनी एकट्याने पुरा केला होता.

घरी आल्यावर त्यांनी फोटो मोठा करून घेतला आणि मुद्दाम उलटा छापून घेतला. त्यात त्यांचा भांग दुसऱ्या बाजूला गेला, घड्याळ दुसऱ्या हातात गेलं. जाऊ दे. पडदा काकूंच्या ओळखीचा राहायला हवा होता.

काकू कोचावर बसल्या होत्या. लेकीने फोटो त्यांच्या हातात दिला. काका दारातच उभे राहिले.

‘अगं बाई, आपला पडदा!’ काकू म्हणाल्या. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा फुलला होता.

‘आणि पुढे कोण उभंय, आई?’

काकूंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. ‘असेल कुणी गिऱ्हाईक. बिचारा एकटाच आलेला दिसतोय.’ मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. ‘पण हा फोटो ह्यांनी नाही हो काढलेला.’

‘कशावरून?’

‘ह्यांनी असे डोळे ठेवले असते होय माणसाचे? आधी त्याला हसवलं असतं, मग काढला असता. माझ्या नवऱ्याचा हात मला कळत नाही?’

लेक तोंड फिरवून उभी राहिली. काका पुढे आले. काकूंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. ‘तुमचाच वाटतं हा? काही काळजी करू नका. ते पुन्हा काढून देतील.’

‘कुठे आहेत ते?’ काकांनी विचारलं.

‘आत फोटो धुतायत. लाल दिवा असला की मधे दार उघडायचं नसतं.’ त्या कोचावर थोड्या सरकल्या आणि त्यांनी जागा करून दिली. ‘बसा ना. वेळ लागतो त्यांना, पण येतात.’

‘बरं,’ काका म्हणाले, ‘थांबतो मी.’ आणि ते तिच्या शेजारी बसले.