सुजाता जिबली खेळली तो शनिवार

आमच्या घरात भुताखेताला जागाच नव्हती. आप्पा, म्हणजे माझे वडील, निपाणीत प्राथमिक शाळेत मास्तर होते. नवस, अंगारा, उतारा... यातलं काही उंबऱ्याच्या आत यायचं नाही. "कारण शोधा, सापडंल," एवढंच ते म्हणायचे. मीही तशीच वाढले आणि पुढं तीस वर्षं लॅबोरेटरीत लोकांचं रक्त तपासत आले. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण आता आप्पा नाहीत, आई नाही. घरातली मी एकटीच उरलेय, म्हणून लिहिते.

सुजाता माझी धाकटी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. जन्मल्यापासून तिचे ओठ आणि नखं निळसर. बेळगावच्या डॉक्टरांनी आप्पांना कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं होतं. आत भोक आहे आणि फुप्फुसाकडं जाणारी वाट अरुंद. त्यामुळं बरंचसं रक्त फुप्फुसात न जाताच, ऑक्सिजन न घेताच, परत अंगभर फिरतं. तिच्यात रक्त कमी नव्हतं बरं का... उलट जास्तच होतं, दाट. हवा पुरत नाही म्हणून शरीर बिचारं रक्तच वाढवत बसलं होतं.

चार पावलं भरभर चालली की तिला दम लागायचा. मग ती उकिडवी बसायची, गुडघे छातीशी घेऊन. तसं बसलं की बरं वाटतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिनंच शोधलं होतं. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, असंच बसवत जा. तेव्हापासून आईच्या तोंडी दिवसभर एकच — "बस खाली, सुजा." गल्लीतल्या पोरी आमच्या अंगणात घरं आखून, एका पायावर उड्या मारत जिबली खेळायच्या आणि ही पायरीवर बसून कुणाचा पाय रेघेवर पडला ते सांगायची. भांडण झालं की पोरी तिचाच शब्द मानायच्या.

१९८१ साली मी बेळगावात लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते. टिळकवाडीत एका बाईंकडं खोली घेतली होती. सुजाच्या ऑपरेशनसाठी मुंबईची तारीख मिळाली होती, मे महिन्यातली. जानेवारीत घरी गेले तेव्हा ती म्हणाली, "आक्का, तुझं रक्त लाल हाय न्हवं? मग त्यातलं थोडं मला का घालत न्हाईत?"

मी शिकलेलं सगळं सांगितलं. घातलं तरी तुझ्या अंगात फिरून ते निळंच होणार, म्हटलं.

"व्हय? मग ऱ्हाऊ दे. वाया जाईल."

फेब्रुवारीतला शनिवार. आमचं हिमोग्लोबिनचं प्रॅक्टिकल होतं. आपल्याच बोटाला सुई टोचून थेंब घ्यायचा आणि वहीत वेळ लिहायची. अकरा वाजून दहा मिनिटांनी मी सुई टोचली. थेंब आला तो काळपट, वांग्याच्या सालीसारखा. शेजारच्या लीलानं तिचं बोट टोचलं... लालभडक.

आमचे हिरेमठ सर धारवाडकडचे, शांत माणूस. म्हणाले, "बोट गार पडलंय. दुसरं घ्या." दुसरं घेतलं, तसंच. उजव्या हाताचं घेतलं, तेही तसंच. मग त्यांनी माझी नखं बघितली. निळी. पापणी ओढून बघितली, जीभ बघितली.

"दम लागतोय का? चक्कर?"

"नाही सर. काहीच होत नाही."

खरंच काही होत नव्हतं. सरांनी कोमट पाणी मागवलं, त्यात माझे हात बुडवून चोळायला लावले. पुन्हा टोचलं — काळं. पुन्हा चोळले. अकरा-पंचवीसला टोचलं तेव्हा थेंब लाल आला. सर म्हणाले, "नॉर्मल," आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

दीड वाजता ऑफिसात निपाणीहून ट्रंक कॉल आला. सुजाता गेली.

एसटी संकेश्वराजवळ उसाच्या गाड्यांमागं किती तरी वेळ अडकली होती. घरी पोचले तेव्हा तिला आतल्या खोलीत निजवलं होतं. मी तिच्याजवळ बसले आणि आधी तिची नखं बघितली. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी आई माझ्याशी बोलली. आप्पा बाहेर गेले होते.

"शनवारची शाळा सुटली, पोरी आल्या. मी भाकरी थापत हुते. भाइर गलका ऐकला म्हणून बघाय गेले, तर आपली सुजा जिबली खेळाय लागलीया. एका पायावर. समदी घरं गेली गं ती, आणि परत आली. दम न्हाय, काय न्हाय. व्हट बघितलं तर लाल... तुझ्यासारखं."

"मग?"

"मी भ्याले. सवयीनं वरडले, बस खाली सुजा. 'आई, न्हाय लागत गं दम,' म्हणाली. मी आणिक वरडले, तशी बसली. बसली आणि माझ्या देखत व्हट निळं पडत गेलं. मान टाकली."

शनिवारी तिनं मान टाकली त्याच वेळी आप्पा शाळेतून येऊन दारात पोचले होते. त्यांना घड्याळ बघायची सवय. नगरपालिकेत नोंद करताना त्यांनी वेळ सांगितली — अकरा पंचवीस.

महिन्यानं मी त्यांना एकट्याला माझी प्रॅक्टिकलची वही दाखवली. ते योगायोग म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत वाचलं. "कारण असंल," म्हणाले. "आपल्याला सापडलं न्हाय, एवढंच. आणि हे तुझ्या आईला कळता कामा नये."

मी नंतर बऱ्याच डॉक्टरांना विचारलं. गार बोटातून काळपट रक्त येऊ शकतं, म्हणतात. अशा मुलीचे ओठ शेवटी लाल होणं मात्र कुणालाच पटत नाही. आईला तसं वाटलं असेल, म्हणतात. असेल. पण गल्लीतल्या पोरींनीही बघितलं होतं. आणि दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की सगळे विषय बदलतात. मीही.

आई पुढं वीस वर्षं जगली. अधूनमधून विचारायची, "मी तिला बसवली नसती तर?" मी म्हणायचे, तुझ्या हातात काही नव्हतं आई. माझ्याकडची वही तिला कधीच दाखवली नाही.

एक गोष्ट आप्पांनाही सांगितली नव्हती. त्या दिवशी तो शेवटचा थेंब लाल आला ना... तेव्हा "सुटले बाई," म्हणून मी मोठ्यानं हसले होते.