रिग्गईच्या फुलबॅकची तपासणी

टाळ्या सुरू झाल्या आणि मी बॅग घेऊन मैदानात धावले. त्या शुक्रवारी सकाळी धुके इतके दाट होते की पलीकडचे गोलपोस्ट दिसत नव्हते आणि टाळ्या वाजवणारी चाळीसेक माणसेही दिसत नव्हती. नुसते आवाज तरंगत येत होते.

“भले रे संत्या.”

“गुहागरचं नाव काढलंस.”

ज्याचे कौतुक चालले होते तो संतोष जमिनीवरून उठून, गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. चेंडू त्याने मुठीने दूर उडवला होता. पण खाली येताना त्याचे कानशील एका आडदांड खेळाडूच्या खांद्यावर आपटले होते. मी जवळ जाऊन नेहमीचा प्रश्न विचारला, “संतोष, आपण कुठल्या गोलकडे खेळतो आहोत?”

त्याने धुक्याकडे बराच वेळ पाहिले. मग अगदी शांतपणे विचारले, “ओहोटी लागली काय ओ, ताई?”

मी हात वर केला आणि त्याला बाहेर काढण्याची खूण केली. टाळ्या थांबल्या. एवढ्या लोकांसमोर मी एखादा निर्णय जाहीर केला असेल, तर तो बहुधा पहिलाच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कुवेतमध्ये वीस वर्षे मी वृद्धांचे गुडघे आणि मणके सांभाळले. खेळाडूंच्या क्षेत्रात आले ती एकोणपन्नासाव्या वर्षी, तेही माझ्या रुमैथियाच्या क्लिनिकमध्ये पाठ दाखवायला आलेल्या ग्रेग नावाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने गळ घातली म्हणून. ग्रेग एका बांधकामाच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर होता आणि हौशी लोकांच्या एका फुटबॉल संघाचा कप्तानही. हा फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल. आम्ही शाळेच्या चौकोनी मैदानावर चुन्याने लंबगोल आखून घेत असू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने मारला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. पूर्ण संघ अठरा जणांचा असतो. आमच्याकडे माणसेच कमी, म्हणून नऊ-नऊ खेळत.

संतोषला संघात आणले ते ग्रेगनेच. संतोष त्याच्या साइटवर स्कॅफोल्डर होता. स्कॅफोल्डर म्हणजे इमारतीभोवती लोखंडी नळ्यांची परांची बांधणारा. सव्वीस वर्षांचा, सडपातळ, बोलायला माझ्याहून लाजाळू. गावाकडे तो सुपारी काढत असे. एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरीवर जायचे, ती नेमकी किती वाकेल याचा अंदाज पायांना असायचा. तोच अंदाज त्याने इथे आणला. उंच आलेला चेंडू समोरच्याने हवेत झेलायच्या आत बचावपटूने तो मुठीने उडवून लावायचा, याला ‘स्पॉइल’ म्हणतात. संतोष स्पॉइल करायला वर जाई तेव्हा मला क्षणभर वाटे की हा आता खाली येणार नाही. बाकीचे खेळाडू उडी मारत; तो वर जाऊन थोडा थांबे. त्या थांबण्यात कितीतरी मावत असे. चेंडूचे शिवणीचे टाके, कुणाचा तरी उघडा राहिलेला ओठ, कुंपणापलीकडच्या खजुराची न हलणारी झावळी. मग मुठीचा आवाज येई आणि सगळे पुन्हा चालू होई.

गोलपोस्टच्या सर्वांत जवळ उभा राहणारा बचावपटू म्हणजे फुलबॅक, आणि ती जागा संतोषची. त्याच्या नावावर कधी गुण लागत नाहीत. तरीही दोन महिन्यांत संतोषचे चाहते झाले. रिग्गई या वस्तीत त्याच्याबरोबर खोलीवर राहणारे सुतार, वेल्डर, प्लंबर दर शुक्रवारी येऊ लागले. त्यांचे पुढारी अन्वरभाई. ते श्रीवर्धनकडचे, रिग्गईत त्यांचा बकाला, म्हणजे किराणा दुकान. खेळाचे नियम त्यांना कळत नसत आणि त्यामुळे त्यांचे काही अडतही नसे.

“गोल काय ओ ताई, कोण पण मारतो,” ते मला म्हणाले होते. “नऊ जण मारायला बघतायत, आणि हा एकटा नको म्हणतोय. मोठा कोण?”

ऑस्ट्रेलियन मंडळीही त्याचे नाव घेऊ लागली होती, ‘सॅन्टोश’ असे. वरच्या दर्जाच्या संघात घेण्यासारखा आहे, असे ग्रेग एकदा बोलून गेला. ते रिग्गईत पोचले आणि तिथल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संतोष दुसऱ्याच दिवशी ऑस्ट्रेलियाला निघाला.

तर, धुक्यातला तो मार. हॉस्पिटलमध्ये स्कॅन झाले, त्यात काही दिसले नाही. सामान्य वाचकाला इथे वाटेल की प्रश्न मिटला. तो मिटत नाही. मेंदूला हादरा बसतो, त्याला कन्कशन म्हणतात, आणि तो सहसा स्कॅनमध्ये दिसत नाही. भरलेल्या तांब्याला धक्का लागला तर तांब्याला पोचा पडत नाही, आतले पाणी मात्र हेलकावत राहते. ते स्थिर होण्याआधी दुसरा धक्का बसला तर जिवावर बेतू शकते. आणि संतोषचे कामच उंचावरचे. म्हणून आमच्या संघाचा नियम असा की किमान तीन आठवडे खेळ बंद आणि परतण्याआधी तपासणी. ग्रेगनेही त्याला परांचीवरून उतरवून अर्दियाच्या गोदामात क्लॅम्प, म्हणजे नळ्या जोडणारे लोखंडी चाप, निवडायला बसवले. अंतिम सामना बरोबर तीन आठवड्यांनी, शुक्रवारीच होता. बहरीनहून संघ येणार होता.

या तपासणीत काही प्रश्न असतात, एका पायावर उभे राहणे असते, महिने उलटे म्हणणे असते आणि दहा शब्द लक्षात ठेवणे असते. हंगामाच्या आरंभी, खेळाडू धडधाकट असताना, हीच तपासणी करून आकडे नोंदवून ठेवायचे, म्हणजे पुढे तुलना करता येते. संतोषसाठी मी दहा मराठी शब्दांची यादी केली होती. इंग्रजी शब्द दिले असते तर त्याची स्मरणशक्ती नव्हे, त्याचे इंग्रजी तपासले गेले असते. या कल्पनेचे मला थोडे कौतुकही वाटले होते. यादी मात्र एकच केली. आरंभीची तपासणी मैदानाच्या कडेला, चहाचा थर्मास घेऊन बसलेल्या अन्वरभाईंच्या देखत झाली, याकडेही मी लक्ष दिले नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी संतोष क्लिनिकमध्ये आला. बरोबर अन्वरभाई होतेच. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर टोपी मांडीवर ठेवून बसले. ग्रेग साइटवरून थेट आला आणि हाताची घडी घालून भिंतीला टेकला. पडद्यातून मधाच्या रंगाचे ऊन खोलीत आले होते. एसीची घरघर सोडली तर शांतता होती.

डोके दुखते का? नाही. उजेडाचा त्रास? नाही. झोप? चांगली. एका पायावर तो वीस सेकंद खांबासारखा उभा राहिला. महिने त्याने डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत न अडखळता म्हटले. मग मी शब्द वाचले आणि त्याने परत सांगितले.

“चमचा, पायरी, लिंबू, खिडकी, दोरी, घोडा, साबण, कंदील, मीठ, पूल.”

“ग्रेट,” ग्रेग म्हणाला. “दहापैकी दहा. डॉक, उद्या खेळतोय ना तो?”

मी डॉक्टर नाही हे त्याला अनेकदा सांगून झाले होते. शेवटची सही आमच्या डॉक्टरांची असे. पण माझा कागद ‘ठीक’ म्हणत असेल तर ते फारसे विचारत नसत. मी पेन उचलले. मला आनंद झाला होता, हे कबूल केले पाहिजे. उद्या तो पुन्हा वर जाईल, थोडा थांबेल, हे चित्र माझ्याही डोळ्यांपुढे होते. मीही त्या चाळिसांतलीच एक झाले होते.

मग मी जुना आकडा पाहिला. धडधाकट असताना त्याला सात शब्द आठवले होते. डोक्याला मार बसल्यावर दहा, तेही क्रमाने, पाढ्यांच्या चालीवर.

पाच-सात मिनिटांनी तेच शब्द न वाचता पुन्हा विचारायचे असतात. मी विचारले आणि या वेळी संतोषकडे न पाहता कोपऱ्याकडे पाहिले. संतोष ‘खिडकी’पाशी किंचित थांबला. अन्वरभाईंचे ओठ हलले. संतोषने ‘दोरी’ म्हटले. पुढचे सगळे शब्द दोघांनी बरोबरच म्हटले. एकाने मोठ्याने, एकाने मनात.

मी पेन खाली ठेवले.

“अजून एक यादी घेऊ,” मी म्हणाले आणि सुचतील तसे शब्द वाचले. “पाटी, ढग, बशी, उंट, सुई, भिंत, पेरू, चप्पल, नदी, कोयता.”

संतोषने डोळे मिटले. मग म्हणाला, “पाटी. उंट.” बऱ्याच वेळाने, “कोयता.” आणि मग, फार दुरून आठवल्यासारखे, “साबण.”

“आठवड्याचे वार उलटे सांगशील?”

“रविवार, शनिवार...” तो थांबला. कपाळावर घाम आला होता. “ताई, वारांचं नव्हतं सांगितलेलं.”

मी हळूच विचारले, “कोणी तयारी करून घेतली?”

“सगळ्यांनी,” अन्वरभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. “रोज संध्याकाळी, जेवणाआधी. शब्द माझ्या ध्यानात होते. महिने खोलीवरच्या सुतारानं घेतले. एका पायावर भिंतीजवळ उभं करून. टेस्ट म्हटल्यावर पोराला तसाच कसा पाठवायचा, ताई? आम्ही इकडं आलो तेव्हा आमची तयारी पण मोठ्या माणसांनीच करून घेतली ना.”

हे त्यांचे म्हणणे समजून घ्यायला हवे. आखातात येणाऱ्या कामगाराची निघण्यापूर्वी ट्रेड टेस्ट होते. वेल्डरला सांधा जोडून दाखवावा लागतो, स्कॅफोल्डरला परांची बांधून. काय विचारतात, कुठे अडवतात, हे आधी जाऊन आलेला माणूस नव्याला सांगतो, त्याच्याकडून घोकून घेतो. याला तिथे कुणी लबाडी म्हणत नाही. हा शेजारधर्म आहे. आणि मीच या तपासणीला पहिल्या दिवसापासून ‘टेस्ट’ म्हणत आले होते.

“संतोष, आता मला खरे सांग,” मी म्हणाले. “गोदामात काय होते?”

त्याने अन्वरभाईंकडे पाहिले आणि मग पायांकडे. “सकाळी शटर उघडलं की ऊन डोळ्यांत घुसतं. क्लॅम्प मोजताना आकडा सुटतो. खाली वाकलो की जमीन होडीसारखी होते. पण बसलो की जाते ती.”

“आणि उद्या खेळून परवा परांचीवर चढला असतास?”

“कागद झाला असता तर चढलो असतो.”

अन्वरभाईंच्या हातातली टोपी खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही. “होडीचं आम्हाला बोलला नाहीस,” ते म्हणाले.

“तुम्ही सगळे एवढं करत होता, चाचा. कसं सांगू?”

ग्रेगला मराठी कळत नव्हते. पण चेहरे कळत होते. मी त्याला इंग्रजीत थोडक्यात सांगितले.

“शुअर?” त्याने विचारले. “उद्या फायनल आहे. त्याच्याशिवाय आपल्याकडे मागे कोणी नाही.”

“माहीत आहे.”

“पहिले दहा बरोबर होते, डॉक.”

“ते पाठ होते. नव्या यादीतले त्याला तीनच आठवले.” माझा आवाज लहान आहे आणि त्या वेळी तो आणखीच लहान झाला होता. “तू सेफ्टी ऑफिसर आहेस. त्याला उद्या परांचीवर चढवशील?”

ग्रेगने खिडकीबाहेर पाहिले. “नाही,” तो म्हणाला.

“मग मैदानातही नाही.”

मी कागदावर ‘अनफिट’ लिहिले आणि डॉक्टरांकडे पाठवले.

दुसऱ्या दिवशी आमचा संघ हरला. चार गोल संतोषच्या जागेवरून गेले. चाळीस माणसे आली होती; त्यांनी संतोषला गडद चष्मा घालून सावलीत मध्यभागी बसवले होते. समोर दुसरा कुणी चेंडू उडवायला धावला आणि चुकला की ती सगळी माणसे वळून संतोषकडे पाहत आणि मान हलवत. मैदानाबाहेर बसलेल्या माणसाची इतकी स्तुती मी कधी पाहिली नव्हती. माझ्याशी त्या दिवशी कुणी बोलले नाही. चहा मात्र मिळाला; अन्वरभाईंनी तो न बोलता माझ्या बॅगेशेजारी ठेवला.

संतोषला बरे व्हायला आणखी सहा आठवडे लागले. शेवटच्या तपासणीला तो एकटाच आला. नव्या यादीतले त्याला सहा शब्द आठवले, आरंभीच्या सातांच्या जवळपास. उरलेल्या चारांसाठी तो छताकडे पाहत राहिला आणि मग घाबरून म्हणाला, “नापास काय?” वार त्याने उलटे बरोबर सांगितले, वाकून बुटाची नाडी बांधली, जमीन जागेवर होती. मी कागद पुढे पाठवला. पुढच्या आठवड्यात तो परांचीवर चढला आणि त्यानंतरच्या शुक्रवारी मैदानात.

त्या प्रकरणानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. तपासणीच्या खोलीत नातेवाईक, मित्र आणि चाहते यांना बसू देत नाही. ते बाहेर बसतात आणि त्यांच्याकडूनही माणसाची चौकशी करते, पण त्याची होडी कधी हलते हे पुष्कळदा त्यांनाही ठाऊक नसते. आणि आता माझ्याकडे शब्दांच्या आठ याद्या आहेत. कुणी दहापैकी दहा सांगितले की मी त्याचे अभिनंदन करते आणि दुसरी यादी काढते.