आत्याचे मंगळवार

लोसालीन वावाउ बेटावरच्या इस्पितळात तीस वर्षं चादरी धूत होती, आणि तीस वर्षं तिची पक्की समजूत होती की इस्पितळ चालतं ते तिच्या चादरींवर. डॉक्टर काय, येतात नि जातात. "औषधावाचून माणूस मेला तर देवाची मर्जी," ती म्हणायची, "मळक्या चादरीवर मेला तर नाव माझं जातं." आवाज असा खणखणीत, की चर्चच्या गायनात तिला मुद्दाम मागच्या रांगेत उभं करत, आणि तरी पाद्रीबुवा दचकायचे.

तिचा सगळा तोरा होता भाच्यावर. भाऊ कालाफी व्हॅनिला लावायचा आणि कुणाशी बोलायचा नाही. त्याचा पोरगा फेलेती. आता आमच्याकडे आत्यापुढे कुणाचं चालत नाही, बापाचं तर नाहीच. फेलेतीच्या पहिल्या वाढदिवसाचा केक आला, वरचा मजला आत्याचा. शाळेत त्याला सायकल बक्षीस मिळाली, ती दुसऱ्या दिवशी आत्याच्या दारात. लोसालीनला सायकल चालवता येत नव्हती. तिनं तिच्यावर कपडे वाळत घातले. पोरानं ब्र काढला नाही. आत्याला नाही म्हणायचं नसतं, हे त्याला चालायला येण्याआधी कळलं होतं.

पोरगा डॉक्टर झाला. मग सरकारनं त्याला हाडांची शस्त्रक्रिया शिकायला ब्रिस्बेनला पाठवायचं ठरवलं. चार वर्षं शिक्षण सरकारच्या खर्चानं, आणि परत येऊन आठ वर्षं याच बेटावर नोकरी. गरजही तशीच होती. आमच्याकडे हाड मोडायचं तर ऑगस्टात मोडावं. तेव्हा बाहेरच्या डॉक्टरांचं पथक येतं. बाकीचे महिने बोटीत झोपून राजधानीला जा, नाहीतर लंगडत बसा.

करारावर सही करायला लोसालीन हमीदार म्हणून गेली. कारकून तानिएलानं विचारलं, "लोसालीनबाई, हमी कसली देणार? तुमच्याकडे आहे काय?"

"हा आहे की." तिनं फेलेतीकडे बोट दाखवलं.

"अहो, करार त्याच्यावरच आहे!"

"मग? त्याचं ते सगळं माझं. तोही माझाच. लिही."

तानिएलालाही आत्या होती. त्यानं सुस्कारा सोडला आणि रकान्यात लिहिलं, 'कौटुंबिक'.

इथवर ठीक होतं. पण फेलेतीचं विमान उडून महिना झाला नाही तोच बाईनं भलताच उद्योग आरंभला. वरच्या आळीची म्हातारी सिसिलिया खुबा धरत धोबीखान्याच्या दारात आली. "लोसा, तुझा फेलेती येईल तेव्हा माझं बघेल का गं?"

"बघेल म्हणजे? का नाही बघणार!" लोसालीननं चादरींची वही उलटी धरली, मागच्या पानावर नाव लिहिलं. "परत आल्यावरचा पहिला मंगळवार. सकाळी नऊ. ये."

सिसिलियानं खूश होऊन कोनफळांची टोपली पाठवली. बस्स. बातमी पसरली आणि बेटावरचे सगळे गुडघे धोबीखान्याकडे चालू लागले. लोसालीन वार वाटत होती. भाच्याची सायकल जर आपली, तर भाच्याचे मंगळवार कुणाचे? कोनफळं आली, कोंबड्या आल्या. बंदरावरच्या एकानं खांद्यासाठी अख्खं डुक्कर दिलं, त्याला दोन मंगळवार मिळाले. "माझा दवाखाना चार वर्षं पुढचा भरलाय," ती खऱ्या डॉक्टरांना ऐकवायची. "तुमचा?"

चौथं वर्ष संपता संपता वहीत सत्तेचाळीस नावं झाली, आणि फेलेती आठ दिवसांसाठी आला. फक्त आठ दिवसांसाठी. हातात एक कागद, आणि मागून बोटीनं एक भलंमोठं कपडे धुण्याचं यंत्र, आत्यासाठी.

"एवढं मोठं यंत्र?" लोसालीननं त्याच्यावर हात फिरवला. "काय गुन्हा करून आलायस रे?"

फेलेतीनं मान खाली घालून सांगितलं. ब्रिस्बेनचं एक इस्पितळ त्याला ठेवून घेत होतं. करार मोडल्याची सगळी भरपाई तेच देणार होतं, इथलं आरोग्य खातंही राजी झालं होतं. राहिली फक्त हमीदाराची सही.

लोसालीन खाली बसली. पहिल्यांदा तिला राग आला, मग डोळ्यांपुढे सत्तेचाळीस माणसं आली. त्यातल्या एकाचं डुक्कर तर पोटात जाऊन तीन वर्षं झाली होती.

"का रे?" एवढंच तिनं विचारलं.

"आत्या, इथे धड ड्रिल नाही. खुबा बदलायचा तर खुबा नाही. चार वर्षं जे शिकलो ते हातातच राहील. आठ वर्षं प्लास्टर लावत बसू? पण तू नको म्हणालीस तर नाही जाणार. कागद फाडून टाक."

एरवी तिनं फाडला असता, तुकडेही करून चुलीत घातले असते. पण बाहेर कालाफीच्या ओट्यावर माणसं जमायला लागली होती. बेटावर बातमी लपत नाही: फेलेती आला, आणि आज मंगळवार! सिसिलिया उतारावरून उलटी चालत येत होती. सरळ उतरताना खुबा दुखतो, म्हणून हल्ली ती उलटीच उतरायची, आणि वाटेत भेटेल त्याला पाठीमागूनच नमस्कार करायची. फेलेतीनं तिला ओट्यावर निजवलं, पाय वळवून बघितला आणि भडकला.

"हे दोन वर्षांपूर्वी दाखवायला हवं होतं!"

"कुणाला रे, बाळा?" सिसिलियानं विचारलं. चेष्टा नव्हती त्यात. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

त्यानं संध्याकाळपर्यंत तेवीस जणांना तपासलं. जेवला नाही. अळूच्या पानातलं मटण तसंच गार झालं. लोसालीन दारातून बघत होती आणि मनातून खूश होत होती. एक शब्द टाकायचा अवकाश होता. तेवढ्यात अंगणातून कालाफी बोलला. भाऊ-बहिणीनं एका खोलीत बसायची आमच्यात रीत नाही. तो नेहमीप्रमाणे बाहेर, पाठ करून बसला होता.

"ताई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तू थांब म्हणालीस तर तो थांबेल. समुद्रात उडी मार म्हणालीस तर मारेल. सायकल दिली तशी आठ वर्षंही देईल."

"मग वाईट काय आहे त्यात?"

"काही नाही. सायकल त्यानं कधी स्वतःहून दिली असती का, ते मात्र आपल्याला कळलं नाही."

वर्षातनं चार वाक्यं बोलणारा माणूस, आणि त्यातली दोन अशी! लोसालीन चरफडली. त्याला मनातल्या मनात माकड म्हणाली, नारळ म्हणाली. पण बोच लागली ती लागलीच. पोराकडे आपण कधी काही मागितलंच नाही. नुसतं घेत आलो.

सकाळी आपल्या घरी तिनं पेटी उघडून तळाची, कार्याला कमरेला बांधायची चटई काढली. बाप मेला तेव्हा कमरेला गुंडाळलेली, फाटकी, काथ्या सुटलेली, गळ्यापर्यंत येणारी. ही चटई मयताच्या घरात खालच्या मानाची माणसं बांधतात, चुलीपाशी राबणारी. भाच्याच्या घरातल्या कुठल्याही कार्यात, मग ते मयत असलं तरी, आत्या बांधते ती सगळ्यात तलम चटई आणि बसते उशाशी. फाटकी चटई बांधून ती रस्त्यानं निघाली तशी माणसं दारात आली.

"अगं लोसा! कोण गेलं?"

"फेलेतीची आत्या," ती म्हणाली आणि थांबली नाही.

फेलेती ओट्यावर रुग्ण तपासत होता. तिला बघून ताडकन उठला. "आत्या, काय हे! काढ आधी ती!"

लोसालीन ओट्याच्या खाली, मातीत बसली. त्याच्या पायांपेक्षा खाली. पन्नास वर्षांत कुणी असं बघितलं नव्हतं. तिनं कागद पुढे केला. खाली तिची सही होती, वेडीवाकडी, पूर्ण.

"हे घे. सुटलास. आता आत्या नाही इथे, तेव्हा कुणाला घाबरू नकोस." तिचा तो खणखणीत आवाज पार बसला होता. "मी धोबीखान्यातली एक बाई. तीस वर्षं ओल्या चादरी उचलून डावा गुडघा गेलाय. कुणाला सांगितलं नाही. वहीत नाव नाही माझं. डॉक्टर, जाण्याआधी एखादा मंगळवार रिकामा आहे का तुमच्याकडे? नसेल तर नाही म्हणा. म्हणता येतं तुम्हाला."

फेलेतीनं कागद घेतला. सिसिलिया डोळे पुसत होती. आयुष्यात पहिल्यांदा लोसालीनला समोरचा काय म्हणेल ते माहीत नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. उठायला हात टेकले.

"मंगळवार शस्त्रक्रियेचा," फेलेती म्हणाला. त्यानं कागद उलटा केला, खिशातलं पेन काढलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागला: ड्रिल, करवत, खुबे सहा. "हे मिळाल्याशिवाय मी कुणाला हात लावणार नाही, आणि मिळेपर्यंत खात्याला झोपू देणार नाही. नुसती तपासणी गुरुवारी. रांगेत ये. वशिला चालणार नाही."

"गुरुवारी?" लोसालीन मातीतनं ओरडली. पाद्रीबुवा तिकडे चर्चमध्ये दचकले असतील. "गुरुवारी माझ्या चादरी असतात!"

"मग पुढच्या गुरुवारी."

आठ दिवस संपले, विमान फेलेतीला न घेताच उडालं, आणि पुढच्या गुरुवारी ती गेली. सिसिलियानं हात धरून पुढे ओढलं, तर खेकसली, "सोड! अठ्ठेचाळिसावी आहे मी." दुपारभर उन्हात बसली. तिचा नंबर यायच्या आत डॉक्टर उठला आणि म्हणाला, आता पुढल्या गुरुवारी. लोसालीन लंगडत घरी निघाली, आणि वाटेत जो भेटेल त्याला थांबवून सांगत सुटली, की बघा, कार्ट्यानं मला दुसऱ्यांदा नाही म्हटलं.