जांभळीखालचे रिंगण

मंगळवार, १९ मे १९६४. सकाळी सहाला सांगली सोडली. कराडला चहा. साताऱ्याच्या अलीकडे मागचे चाक बसले, नानासोने बदलले. वाईला कृष्णेला पाणी कमी. पसरणीच्या घाटात इंजिन तापले, थांबावे लागले. पाचगणीजवळ गुलच्या फार्मवर जेवण. नंतर धुके. साडेपाचला महाबळेश्वर.

एवढे लिहून एस्तेरबाई हिवाळ्यांनी पेन मिटले. कॉन्व्हेंटमध्ये असताना सिस्टरांनी शिकवले होते, की डायरीत घडलेले लिहावे, वाटलेले लिहू नये. साठी उलटली, त्यांचे यजमान डॉक्टरसाहेब जाऊनही बरीच वर्षे झाली, तरी तो नियम त्यांनी मोडला नव्हता. आज मात्र घडलेलेच कसे लिहावे ते त्यांना कळेना. सांगलीहून टॅक्सीत ड्रायव्हर नानासो धरून तिघे निघाले होते. महाबळेश्वरला दोघेच उतरले.

तिसरी रंगुबाई.

रंगुबाई वडूजकडच्या कोरड्या मुलखातली, धनगराची. दिवाळी झाली की तिचा नवरा बिराप्पा मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणात जाई आणि पावसाच्या तोंडाला माघारी येई. तट्टावर भांडी, वाकळा, कोंबड्या आणि एखादे पोर. मागे चालत रंगुबाई. अर्धे आयुष्य तिने असे चालून काढले. मग बिराप्पा वारला. मुलगा आप्पासो मेंढरे विकून शेतीला लागला, सुनेशी तिचे पटेना, आणि कुणाच्या तरी ओळखीने ती सांगलीला एस्तेरबाईंकडे स्वयंपाकाला आली. हाडापेराने बळकट, तोंडाने फटकळ. एकच गोष्ट एस्तेरबाईंना सुरुवातीपासून चमत्कारिक वाटे. दुपारी स्वयंपाकघरात फरशीवर लवंडली, की रंगुबाई डावा हात लांब पसरून झोपे आणि त्या अंगावर कधी वळत नसे. त्या हातावर कुणाचे डोके असावे, तशी निश्चल.

एकदा विचारले, तेव्हा तिने भाजी निवडता निवडता सांगून टाकले. आप्पासोच्या पाठीवर मुलगी झाली होती, बना. दूधपिती होती. कोकणात जाताना पाचगणीच्या माळावर तळ पडला, थंडी बाधली, आणि सकाळी पोर त्या हातावरच गार झाली होती. तिथेच पुरले, वर दगड ठेवला, भंडारा वाहिला. उन्हे वर यायच्या आत तळ उठला. मेंढरांना त्या माळावर आणखी एका दिवसाचा चारा नव्हता.

"एक दिस बी बसले न्हाई मी तिच्यापशी," रंगुबाई म्हणाली. "त्याचा राग हाय तिला."

"असं नसतं गं, रंगुबाई."

"आवं, मला ठाव हाय न्हवं. पयल्या वर्सांला दगडावर हात ठिवला की हाताला कळायचं, हाय म्हणून. मग एक साल सासू हातरुणाला खिळली, मी घरीच ऱ्हायले. फुडल्या साली गेले, तर दगुड निस्ता दगुड. तवापासनं बोलत न्हाई. रुसलीया."

डॉक्टरसाहेबांची कबर मिरजेला होती, संगमरवरावर नाव आणि दोन तारखा. दर रविवारी त्या फुले घेऊन जात. तिथूनही त्यांच्याशी कधी कुणी बोलले नव्हते.

त्या दर मे महिन्यात टॅक्सी करून महाबळेश्वरला जात. रंगुबाई आल्यापासून पसरणीचा घाट चढून वर आले की रस्त्याच्या कडेला गाडी थांबे. वर जाणाऱ्या पांदीच्या, बांधांमधल्या गाडीवाटेच्या, तोंडाला एक काळा दगड होता. रंगुबाई उतरून त्यावर भंडारा वाही, भाकरीचा तुकडा ठेवी, हात ठेवून थोडा वेळ बसे आणि परत गाडीत येई. या वर्षीही तेवढेच होऊन गाडी पुढे गेली असती. फरक एवढाच, की एस्तेरबाईंच्या शाळेतल्या मैत्रिणीने, गुलने, जेवायला बोलावले होते. गुलच्या मुलाने तिथे घोड्यांचा फार्म केला होता. शर्यतीच्या घोड्यांची शिंगरे उन्हाळ्यात पुण्याहून थंड हवेला तिथे आणत.

सकाळी रंगुबाई पुढच्या सीटवर बसली होती आणि कराडपर्यंत तिने दाराची कडी हातातून सोडली नव्हती.

"मावशी, सोडा की ते दार," नानासो म्हणाला. "पळून जातंय का ते?"

"तुझ्या गाडीचा काय भरोसा रं. मागल्या साली आरसा पडला, आवंदा दार पडंल."

घाटात इंजिन तापून वाफ येऊ लागली, नानासो डबा घेऊन पाण्याला गेला, तेव्हा तर तिला चेवच आला. "माझी मेंढरं ह्यो घाट चढायची. चढ आला म्हणून एक तरी कवा तापलं का इचार."

"मेंढरांवर बाईसाहेबांना बसवून नेता का मग?"

"त्या बसल्या तर नेईन की."

एस्तेरबाईंना हसू आले. खाली धोम गावाकडची शेते पिवळी पडली होती, वाईच्या देवळांची शिखरे उन्हात पांढरी दिसत होती, आणि वरून गार वारा येत होता. त्यांना पाचगणीच्या शाळेचे दिवस आठवले. सुट्टीनंतर याच वळणांवर रडू यायचे.

वर आल्यावर दगडाशी गाडी थांबली. रंगुबाई उतरली, बसली, उठली.

"काय म्हणाली?" नानासोने हलकेच विचारले. थट्टेने नव्हे.

"काय न्हाई," रंगुबाई म्हणाली, आणि दार ओढून घेतले.

फार्मचा रस्ता त्या पांदीतूनच वर जात होता. फाटकाशी दोन्ही बाजूंना सिल्व्हर ओक, आत लाल कौलांचा बंगला, हिरवळ, पांढरे रंगवलेले कुंपण. गुल व्हरांड्यातच उभी होती. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींचे गाल धरले.

"एस्तेर, तू तर वाळूनच गेली," गुल म्हणाली. "तुझी बाई तुला खायला देत नाही काय?"

"देती की," रंगुबाईने डबे उतरवता उतरवता सांगितले. "त्यास्नीच मिरचीला हात लावाय नगं."

जेवण झाले. गुल म्हणाली, चला, घोडे दाखवते. तोवर खालून धुके चढू लागले होते. मे अर्धा सरला की वर दुपारनंतर असे होते. ऊन असताना एकाएकी समोरचे झाड पुसले जाते. रंगुबाई मागून छत्री घेऊन येत होती. तबेल्यावरून वळून त्या मागच्या बाजूला आल्या, आणि छत्री खाली पडल्याचा आवाज झाला.

समोर वर्तुळाकार मैदान होते, तांबड्या मातीचे. मधोमध म्हातारा मोतद्दार आकाराम दोरी धरून उभा होता आणि दोरीच्या टोकाला एक राखाडी शिंगरू गोल दौडत होते. मैदानाच्या कडेला जांभळीचे मोठे झाड. त्याच्या पलीकडे कडा, आणि कड्याखालून पाण्याचा बारीक आवाज.

रंगुबाई झाडाकडे बघत होती. तिने हळूच डोके फिरवून कडा पाहिला, पाण्याचा कानोसा घेतला, तोंड वाऱ्याकडे केले. अनोळखी ठिकाणी कोणी असे बघत नाही. घरात शिरल्यावर माणूस असे बघतो.

"रंगुबाई?" एस्तेरबाई म्हणाल्या.

"ह्या जांभळीला बनाची झोळी बांधली व्हती," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं, झाड पडलं. रस्त्यात गेलं म्हणाले."

शिंगरू गोल फिरून झाडाजवळ आले. तिथे त्याने चाल मोडली, पुढचे दोन्ही पाय उचलून काहीतरी ओलांडल्यासारखी उडी टाकली, आणि पुन्हा दौडू लागले. तिथे ओलांडण्यासारखे काही नव्हते. सपाट तांबडी माती. पुढच्या फेरीला धुके इतके दाट झाले होते, की शिंगरू दिसेना. नुसत्या टापा ऐकू येत होत्या. झाडाजवळ त्या थांबल्या. एका श्वासाएवढ्या. मग पलीकडून पुन्हा सुरू झाल्या.

"हे असंच करतं," गुल म्हणाली. "सगळीच करतात. गेल्या वर्षी एकाने स्वाराला पाडलं. हंबीरराव म्हणतात, खाली पोकळी असेल."

हंबीरराव हा फार्मचा मॅनेजर. तोही आला होता. "उद्या खणून काढतो, बाईसाहेब," तो म्हणाला. "पुरुषभर खोल खणून मुरूम भरला, की प्रश्न मिटला. चार गडी सांगून ठेवलेत."

रंगुबाई मैदानात शिरली. आकारामने घाईने दोरी आखडली. "आवं, बाजूला व्हा, लाथ बसंल."

ती झाडाजवळ जाऊन खाली बसली आणि मातीवर डावा तळहात ठेवला. शिंगरू आकारामच्या खांद्याला तोंड लावून उभे राहिले होते; त्याचे कान तिच्याकडे वळले होते.

"हितं एक दगुड व्हता," शेवटी तिने मान वर न करता विचारले. "काळा. त्याचं काय झालं?"

आकारामने तिच्याकडे नीट पाहिले. कपाळ, लुगड्याची धाटणी, हातातले पितळी कडे. "तुमी त्या बिराप्पाच्या का?"

"व्हय."

"मग तुमाला ठाव असंल की. कुंपण घालाय घेतलं तवा आला व्हता. आमी म्हणलं, आता आत सोडत न्हाईत कुणाला. लय येळ बसला हितं. मग म्हणाला, दगुड तेवढा नेऊ द्या. खांद्यावर घिऊन गेला खाली सडकंपतोर. म्या इचारलं, दगुड निऊन काय करणार? तर म्हणला, बायकू फुडल्या साली येईल. कुंपणाभाईर उभी ऱ्हाऊन रडत बसंल, ते मला बघवायचं न्हाई. सडकंला ठिवतो. तिला सांगतो, ह्योच त्यो."

झाडावरून पाण्याचे थेंब मातीवर पडत होते.

एस्तेरबाईंना वाटले, आता ही रडेल, नवऱ्याला बोल लावील. रंगुबाईच्या तोंडावर मात्र निराळेच काही होते. मातीवरचा हात न काढता ती म्हणाली, "बाई, रुसली न्हवती वो. हितं व्हती. मीच तिकडं बसत व्हते."

मग ती हंबीररावाकडे वळली. "दादा, खणू नगा."

"बाई, घोडा लाखाचा असतो. पाय मोडला तर मालक मला विचारतील."

"हितं माझी लेक हाय."

हंबीररावाने गुलकडे पाहिले. गुलने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. तिचा एक मुलगा लढाईत ब्रह्मदेशाकडे गेला होता आणि कुठे पडला ते कुणी सांगू शकले नव्हते. एस्तेरबाईंना ते ठाऊक होते. "रिंगण पलीकडे काढा," ती म्हणाली. "हे असू दे."

"पण बाईसाहेब, पलीकडे उतार..."

"हंबीरराव. असू दे म्हटलं ना."

एस्तेरबाई म्हणाल्या, खाली जाऊन नानासोला सांगू, दगड गाडीत घालून वर आणील. रंगुबाईने मान हलवली. "नगं. आता ठिकाणा ठाव हाय." आणि थोड्या वेळाने, गुलला: "रिंगण बी नका हलवू. इतकी वर्सं शिंगरं हितनं फिरत्यात. ओलांडून जात्यात, पाय देत न्हाईत. एकली न्हाई ऱ्हायली ती. निस्तं खणू नगा."

चारच्या सुमारास नानासोने गाडी फाटकाशी आणली. रंगुबाईने स्वयंपाकाचे डबे, वळकटी, एस्तेरबाईंची गरम पाण्याची पिशवी सगळे नीट लावून दिले आणि आपले बोचके बाहेर काढले.

"गवत कापाय बाया लागत्यात म्हणं," ती म्हणाली. "पावसाआधी लय गवत हाय. आकारामला इचारलंय."

"किती दिवस?" एस्तेरबाईंनी विचारले.

"तवा बसायचं व्हतं त्यो एक दिस तरी बसते. मग बघू."

नानासो म्हणाला, "मावशी, मग माझ्या दाराला कोण धरणार?"

"दोरीनं बांध," रंगुबाई म्हणाली.

गाडी वळली. एस्तेरबाईंनी मागच्या काचेतून पाहिले. ती हात वर करून उभी नव्हती. पाठ फिरवून, धुक्यातून जांभळीकडे चालली होती. चालताना तिने डावा हात कोपरात दुमडून अंगाशी धरला होता, जसे काही त्यावर वजन होते. मग धुक्याने तिला घेतले, आणि आतून पुन्हा टापा ऐकू येऊ लागल्या. पांदी उतरून गाडी सडकेला लागेपर्यंत त्या ऐकू येत होत्या. एका जागी थांबायच्या, मग सुरू व्हायच्या. नानासोने त्या ऐकल्या की नाही ते एस्तेरबाईंनी विचारले नाही.

महाबळेश्वरच्या बंगल्यात दिवा लावून त्या डायरी पुढे घेऊन बसल्या. पेन पुन्हा उघडले. रंगुबाईचे नाव लिहिले आणि पुढचा शब्द सुचेना, म्हणून पूर्णविराम दिला. बाहेर काहीच दिसत नव्हते. मग खालच्या ओळीत त्यांनी लिहिले:

रात्री पिठले-भात मीच केला. तिखटाचा डबा सापडला नाही.